फाटकाजवळचा नळ

आपल्या घरामागच्या रस्त्याला आजोबांचं नाव लागणार, हे तुमच्या बाबांनी तुम्हाला कळवलं आणि तुम्हा दोघांचं आनंदाचं पत्र आलं. पाटीचा फोटो पाठव, असं धाकटीने लिहिलं आहे. फोटो येणार नाही. का येणार नाही ते सांगायचं तर आधी त्या रस्त्याचं सांगितलं पाहिजे.

मागच्या खेपेला थोरल्याने मला विचारलं होतं, आजूबाजूच्या सगळ्या गल्ल्या काटकोनात वळतात, मग हा एकच रस्ता एवढा अलगद बाक घेत का जातो? मी गॅसवर दूध ठेवल्याचं निमित्त करून उठले होते. उत्तर अगदी सोपं आहे. आगगाडीला काटकोनात वळता येत नाही. तिथे रूळ होते.

स्टेशनापासून गुळाच्या वखारींपर्यंत एक फाटा यायचा. सकाळी इंजिन चार-सहा वाघिणी, म्हणजे मालाचे डबे, ढकलत आणी, हमाल त्यांत गुळाचे रवे चढवत, संध्याकाळी वाघिणी परत जात. आमच्या कोपऱ्यावर फाटक होतं. फाटकाला लागून दगडी खोली, खोलीपुढे शेवग्याचं झाड आणि झाडाखाली नगरपालिकेचा नळ. तिथे फाटकवाला, त्याची बायको आणि मुलं राहत. त्याचे वडीलही त्याच फाटकावर नोकरीला होते आणि त्यांच्या वेळेपासून खोलीतल्या कोनाड्यात मोहरमचा पंजा बसे. पंजा म्हणजे धातूचा हात. काठीला लावून, रेशमी कापड आणि फुलं बांधून त्याला मिरवतात. पंजे एकमेकांच्या भेटीला निघाले की फाटकाचा पंजा पहिल्यांदा आमच्या दाराशी थांबायचा. आमच्या घरातली बाई पंजा धरणाऱ्याच्या पायांवर तांब्याभर पाणी घालायची, मलिदा द्यायची आणि मग ते पुढे जायचे.

हे माझ्या सासूबाईंनी सुरू केलेलं. आम्ही सुना त्यांना आत्याबाई म्हणत असू. त्यांचं माहेर नेसरीकडचं, तिथे पीर, म्हणजे असाच पंजा, पाटलांच्या सोप्यातच बसत असे. लग्न होऊन कोल्हापुरात आल्यावर त्यांना फाटकावरचा पंजा दिसला आणि त्यांना आपलं माणूस भेटल्यासारखं वाटलं. मी इंग्रजी घेऊन बी. ए. झालेली. मला पहिल्या वर्षी हे सगळं थोडं विचित्र वाटलं होतं, पण सासरच्या रीती मी नीट पाळायचे. तांब्या चिंचेने घासून ठेवायचं काम माझ्याकडे होतं.

साठीचं दशक संपत आलं तेव्हा तुमचे आजोबा नगरसेवक झाले. शहर राजारामपुरीच्या बाजूला वाढत चाललं होतं आणि आमच्या भागातून तिकडे जायला हा फाटा आडवा येई. गूळही हळूहळू ट्रकने जाऊ लागला होता. फाटा उखडून तिथे रस्ता करायचा, असं आजोबांनी निवडणुकीत सांगितलं होतं. मलाही ते पटलं होतं, हे लपवत नाही. मला सरळ, झाडलेले, दिवे असलेले रस्ते आवडतात. रुळांच्या बाजूला साठणारा कचरा मला बघवत नसे.

रेल्वे मात्र दाद देईना. नगरपालिकेने ठराव केला, पुन्हा केला, वरून उत्तर नाही. मग आजोबांनी आणि त्यांच्या मंडळींनी दुसरा रस्ता धरला. आठवड्याचा बाजार हलवून रुळांवरच बसवला. बाजाराच्या दिवशी वांगी आणि मेथीच्या ढिगांमधून वाघीण कशी जाणार? नंतर गटारांतला गाळ काढून रुळांलगत टाकायला सुरुवात झाली. अडत्यांनी कंटाळून वाघिणी मागवणंच कमी केलं. तेवढं झाल्यावर या मार्गाचा वापर होत नाही, असं रेल्वेला कळवायचं ठरलं. ते इंग्रजीत घालायला आजोबांनी मला सांगितलं. मी छान घातलं. पालिकेच्या मुख्य साहेबांनी सभेत वाचून दाखवलं तेव्हा सगळे वाहवा म्हणाले, असं आजोबा सांगत आले, आणि मी दोन दिवस हवेत होते.

फाटकवाला मात्र आपलं काम करत राहिला. बाजार उठला की तो रुळांवरचा पाला बाजूला करी, गाळ फावड्याने ओढी. एखादी वाघीण येणार असली की शिट्टी मारून गाडेवाल्यांना हलवी. आजोबांना त्याचा राग आला, असं मी म्हणणार नाही. त्यांना तो आड येत होता, इतकंच.

त्या वर्षी माघ सरला आणि फाटकाजवळचा नळ बंद झाला. उन्हाळ्याच्या तोंडावर नळ जातात, म्हणून कुणाला त्याचं काही वाटलं नाही. फाटकवाल्याची बायको, तिला आम्ही भाभी म्हणायचो, डोक्यावर घागर घेऊन आमच्या मागच्या दाराशी आली. आत्याबाईंनी तिला सांगून टाकलं, सकाळ-संध्याकाळ दोन घागरी घेऊन जात जा, विचारायचं नाही. मग ती रोज यायची. मी नळाला पाइप लावून ठेवायचे. ती रिकाम्या हाताने कधी आली नाही. शेवग्याच्या शेंगा, कधी घरची अंडी. आत्याबाई रागावल्या की म्हणायची, पाणी फुकट घेतलं तर अंगाला लागत न्हाय, आक्का.

एकदा माझ्याजवळ उभी राहून ती म्हणाली, "वैनी, तुमच्यामुळं पोरांच्या अंगावर पाणी पडतंय बगा. न्हाईतर रूळ राखायचं का पाणी राखायचं, कळंना झालंतं."

मला बरं वाटलं. आपल्या हातून काही चांगलं होतं आहे, असं वाटलं.

त्यानंतर आठवड्याभरातली गोष्ट. नगरपालिकेच्या नळखात्यातला माणूस आजोबांकडे आला होता. मी चहाचा ट्रे घेऊन बाहेरच्या खोलीच्या दारात पोचले आणि तो विचारत होता, फाटकावरचं कनेक्शन अजून किती दिवस बंद ठेवायचं? आजोबा पेपरमधून मान वर न करता म्हणाले, रूळ निघेपर्यंत. मला पाहून तो माणूस उठून उभा राहिला आणि नमस्कार केला. मी चहा ठेवला. साखर किती, तेही विचारलं.

तो गेल्यावर मी आजोबांना विचारलं. ते चिडले नाहीत. त्यांनी मला समजावून सांगितलं, की भांडण त्या माणसाशी नाही, रेल्वेशी आहे. रेल्वेने आपल्या माणसांच्या पाण्याची सोय आपण करावी. पालिकेचं पाणी पालिकेने कुणाला द्यायचं हा पालिकेचा प्रश्न आहे. मी म्हटलं, लहान मुलं आहेत त्या घरात. त्यावर ते म्हणाले,

"मग? पाणी तू देतेसच की."

आमचं पाणी होतं म्हणून त्यांचा नळ बेफिकिरीने बंद ठेवता येत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी भाभी आली तेव्हा मी पाइप लावून दार उघडं ठेवलं आणि आत निघून गेले. मग रोजच तसं करू लागले. तिला वाटलं, वैनीला कामं फार. ती शेंगा पायरीवर ठेवून जायची. त्या शेंगांची आमटी मी करायचे, वाढायचे, आजोबा आवडीने चोखून खायचे. मी माझ्यापुरता ताकभात कालवून घ्यायचे.

आत्याबाईंनी आजोबांजवळ एकच मागितलं होतं. रस्ता कर नाहीतर काही कर, पिराची जागा तेवढी हलवू नको. आजोबा "बघू" म्हणाले होते.

मोहरमच्या थोडं आधी रेल्वेचा निर्णय आला. पुढे सगळा लोहमार्ग रुंद रुळांचा, ब्रॉडगेज व्हायचा होता, त्यात या फाट्यावर खर्च करायची त्यांची तयारी नव्हती. फाटा सोडून दिला. रूळ काढायला माणसं आली, फाटकाचा दांडा उतरवून गाडीवर टाकला. आजोबांच्या गळ्यात हार पडले. फाटकवाल्याची बदली मिरजेकडे झाली आणि मोहरम संपेपर्यंत खोलीत राहायची मुभा मिळाली. नळ अजून बंदच होता. चालू करायला सांगायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

पंजा नेहमीसारखा आमच्या दाराशी थांबला. हलगी, ऊद, गल्लीतली सगळी माणसं. पंजा स्वतः फाटकवाल्याने धरला होता. आत्याबाईंचे गुडघे धरले होते म्हणून पाणी घालायला त्यांनी मला पुढे केलं. त्याचे पाय अनवाणी होते, धुळीने माखलेले, टाचा फुटलेल्या. मी तांब्या कलता केला. भाभी मागून आसपासच्या बायकांना सांगत होती, ह्याच घरच्या पाण्यावर आमचे इतके दिवस निघाले. बायका माझ्याकडे कौतुकाने बघत होत्या. मला मान वर करवेना. त्याच्या पायांवरचं पाणी आमच्या पायरीवरून खाली ओघळत होतं, तेवढंच मी बघत राहिले.

आजोबा माझ्या शेजारी हात जोडून उभे होते. फाटकवाला त्यांच्याकडे वळला. आवाज अजिबात चढवला नाही. जवळच्या चार जणांनाच ऐकू गेलं असेल.

"साहेब, आता तेवढा नळ सोडाय सांगा. रूळ तर गेलंच की."

म्हणजे त्याला पहिल्यापासून माहीत होतं. माहीत असून त्याने बायकोला आमच्याच दारी पाठवलं होतं, कारण जवळ दुसरं पाणी नव्हतं. आणि दर वर्षी ज्या दारी पंजा थांबतो त्या दारी त्याने तो थांबवलाही होता. हलगी पुन्हा वाजू लागली आणि ते पुढे गेले.

नळ त्याच संध्याकाळी सुरू झाला. मोहरम संपल्यावर ती माणसं पंजा कापडात गुंडाळून मिरजेला गेली. जाताना भाभी मध्यंतरी नेलेली आमची एक घागर परत करून गेली, आत शेंगा होत्या. खोली रस्त्याच्या रुंदीत येत होती, ती पाडली.

पुढच्या वर्षी पंजे भेटीला निघाले त्या संध्याकाळी आत्याबाईंनी मला तांब्या भरायला सांगितलं आणि तो घेऊन त्या पायरीवर जाऊन बसल्या. ते येणार नाहीत, हे त्यांना समजलेलं नाही, असं मला वाटलं. येणारे-जाणारे विचारत, आक्का, कुणाची वाट बघताय? त्या नुसत्या हसत. आजोबा कचेरीतून आले, आईला लांबून पाहिलं आणि मागच्या दाराने घरात शिरले. थोड्या वेळाने मात्र ते बाहेर गेले, आईच्या शेजारी पायरीवर बसले. मी उंबऱ्याच्या आत होते.

आजोबा म्हणाले, "आई, ती माणसं गेली. मीच घालवली."

"म्हाईत हाय मला," आत्याबाई म्हणाल्या. "म्हणून तर हितं बसलोय. लोकास्नी दिसू दे."

दिवे लागले तरी त्या उठल्या नाहीत, आणि आजोबांनीही जागा सोडली नाही. त्यानंतर त्यांनी निवडणूक लढवली नाही. कुणी कारण विचारलं तर तब्येतीचं सांगत.

आता त्या रस्त्याला त्यांचं नाव द्यायचं म्हणतात. मागच्या आठवड्यात चार तरुण नगरसेवक पेढ्यांचा पुडा घेऊन आले होते. पाटीवरचा पडदा मी बाजूला करायचा, असा त्यांचा बेत. मी नको म्हटलं. नाव देऊ नका, त्यांना ते आवडलं नसतं, एवढंच बोलले. खरं कारण सांगायचं होतं. वाक्य मनात नीट जुळवूनही ठेवलं होतं, पण त्यांच्यापुढे ते तोंडातून निघालं नाही.

त्यांतला एक जण बाकीच्यांना म्हणाला, "बघा, याला म्हणतात साधेपणा." मग ते चौघेही वाकून माझ्या पाया पडले, आणि मी पाय मागे घेतले तोही त्यांना साधेपणाच वाटला.