चढावरची चौथी शर्यत

सायकल मी डब्यांसाठी चालवत होते. भांडुपला घरी स्वयंपाक करायचा आणि मुलुंडला डबे पोचवायचे, सकाळचे अकरा डबे, संध्याकाळचे सात. हँडलला दोन्ही बाजूंना पिशव्या आणि मागे कॅरिअरवर प्लास्टिकचा क्रेट. मुलुंडला डोंगराच्या बाजूला सोसायट्या आहेत, तिथला चढ पहिल्या वर्षी मला उतरून ढकलावा लागायचा. मग एक दिवस उतरायचं राहून गेलं आणि मी वर पोचले. त्यानंतर कधी उतरले नाही.

त्याच चढावर रविवारी सकाळी सायकलवाल्यांचा एक घोळका सराव करायचा. डोक्यावर हेल्मेट, काळे चष्मे, पातळ टायरच्या सायकली. त्यांना बघून मी कडेला व्हायचे. एका रविवारी त्यांच्यातली एक बाई आणि एक मुलगी चढाच्या मध्यावर दमून रखडल्या होत्या. मी क्रेट घेऊन त्यांच्या बाजूने वर गेले.

मागून आवाज आला, “ओ मावशी, डब्यात मोटर लावलीय काय?”

मी मान खाली घालून पेडल मारत राहिले. वर एक काका हातात घड्याळ घेऊन उभे होते. शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेले. तो संघ त्यांचाच, हे मला नंतर कळलं.

“रोज येता का इथे?” त्यांनी विचारलं.

“दोनदा.”

तेवढ्यात त्या दोघी धापा टाकत पोचल्या. काका त्यांना म्हणाले, “ऐकलंत? दोनदा. सामानासकट.”

बाई दातांची डॉक्टर होती, माझ्याच वयाची. मुलगी बँकेत नोकरी करणारी, सव्वीस-सत्तावीसची. तिने चष्मा काढला तेव्हा मी ओळखलं. ती माझ्याच संध्याकाळच्या डब्यांतली होती, तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहणारी. वर्षभर मी तिच्या हातात डबा देत होते, पण “झाकण घट्ट आहे, सांभाळून” यापलीकडे आम्ही काही बोललो नव्हतो.

उपनगरांतले पाच-सहा क्लब मिळून थंडीत शर्यती भरवतात. महिन्याला एक, अशा चार. बायकांच्या गटात तिघींचा संघ लागतो. तिघींचे नंबर जोडायचे आणि चारही शर्यतींची मिळून ज्यांची बेरीज सगळ्यात कमी, त्यांना शेवटी कप. यांच्याकडे दोघीच होत्या. तिसरी लग्न होऊन नाशिकला गेलेली. काका तीन रविवार मला विचारत राहिले आणि मी पुढचे तीन रविवार चढ संपायच्या आधीच दुसऱ्या गल्लीने वळत राहिले. शेवटी मुलीनेच संध्याकाळी डबा घेताना माझा हात धरला.

“मावशी, तू नाही आलीस तर आम्ही दोघी पण घरी बसणार. सरळ आहे.”

मी काही बोलले नाही. तिने ते हो धरलं. तिचं सगळं असंच होतं, वाट बघायची नाही.

नवरा म्हणाला, “पडू नकोस म्हणजे झालं.” शर्यतीच्या रविवारी सकाळचे डबे बसने नेऊन द्यायचं त्याने कबूल केलं. मोठ्या मनाचं काम होतं ते, कारण रविवार त्याचा झोपायचा दिवस.

काकांनी त्यांची जुनी शर्यतीची सायकल मला दिली. पहिल्यांदा बसले तेव्हा वाटलं, ही मला पाडायलाच निघालीय. लेगिंग घातली, वर संघाची निळी जर्सी, पण जर्सीच्या खालून गुडघ्यापर्यंत कुर्ता बाहेर काढला. त्याला कोणी हसलं नाही. हेल्मेट मात्र बसेना, अंबाडा आडवा यायचा. मग मुलीने फुटपाथवर बसवून माझी वेणी घातली, मानेजवळ खाली. नंतर प्रत्येक शर्यतीला तीच घालायची. मला स्वतःला घालता येत नव्हती असं नाही.

शिकायला सगळ्यात कठीण गेलं ते एकामागे एक चालवणं. पुढची वारा अंगावर घेते आणि मागच्या दोघी तिच्या आडोशाला पाय हलके ठेवतात. पुढचीच्या मागच्या चाकापासून आपलं पुढचं चाक जेमतेम एक वीत. पुढची थकली की कोपर हलवते, बाजूला होते आणि शेवटी येऊन लागते. मला वीतभर जवळ जायला धीर होईना. कोणाच्या इतक्या जवळ जायची सवयच नव्हती. मी दोन हात लांब राहायचे आणि दुप्पट दमायचे.

“मावशी, चिकट ना!” मुलगी मान न वळवता ओरडायची. “मी काय चावणार आहे का?”

आणि माझी पाळी पुढे असली की मी कोपर हलवायचीच नाही. दुसऱ्याला पुढे जा म्हणून खुणावणं मला उद्धटपणाचं वाटायचं. काका स्कूटरवरून ओरडत, “पाळी संपली, बाजूला व्हा! एकट्याच जाताय का दिल्लीला?”

पहिली शर्यत मरोळला झाली. रविवारी कारखान्यांचे दरवाजे बंद, रस्ते मोकळे, त्याच रस्त्यांवर आठ फेऱ्या. माझ्या मागे फक्त दोघीच होत्या. दुसरी चारकोपला. तिथे एका सेक्टरच्या वळणावर बारीक खडी पसरलेली होती आणि मी घसरून पडले. कोपर सोललं, साखळी निघाली. बायका भराभर बाजूने गेल्या. मी रस्त्याच्या कडेला बसून साखळी चढवत होते, तेवढ्यात कोणीतरी उलट दिशेने आलं. मुलगी होती. पुढच्या घोळक्यात होती ती, तिसरी-चौथी.

“तू का आलीस?” मी म्हटलं. “जा ना तू.”

“गप. बस सायकलवर. माझ्या मागे लाग.”

पुढच्या तीन फेऱ्या तिने मला आडोसा दिला. एकदाही कोपर हलवलं नाही. तिच्या पाठीवर घामाचा पांढरा डाग उठला होता, मिठाचा, पानासारखा. मी त्या डागाकडे बघत चालवत राहिले. त्या दिवशी पहिल्यांदा मी वीतभर अंतरावर गेले आणि मला त्याचं काही वाटलं नाही. तिचा नंबर गेला. पण माझा वाचला. डॉक्टर नंतर माझं कोपर धुताना म्हणाल्या, “ताई, ती माझ्यासाठी नाही हो थांबली कधी.” हसतच म्हणाल्या.

तिसरी शर्यत आरेतल्या चढउतारांवर होती. चढ आला की माझं बरं असायचं. मी दुसरी आले. काका मुलांसारखे नाचले. डॉक्टरांनी मला मिठी मारली. मला कुठे बघावं कळेना. मुलगी मात्र शांत उभी होती. तिने तेव्हाच सांगितलं की मार्चमध्ये तिची बदली आहे, हैदराबादला.

“कप घेऊन जायचाय मला इथून,” ती म्हणाली. “नाहीतर चार वर्षं मुंबईत काय केलं म्हणून आई विचारेल तर काय दाखवू? तुझे डबे?”

“डबे पण चांगले होते,” डॉक्टर म्हणाल्या.

“ते आहेच.”

चौथ्या शर्यतीला आम्ही आणि बोरिवलीचा संघ बरोबरीत होतो. शर्यत मुलुंडलाच, शेवट माझ्या रोजच्या चढावर, सोसायटीच्या फाटकापाशी. काकांनी आदल्या दिवशी समजावून सांगितलं. मुलगी आणि डॉक्टर त्यांच्या दोघींना अडवतील, उरले मी आणि त्यांची तिसरी. मी तिच्यापुढे राहिले की कप आमचा. “आणि हा चढ तुमचा आहे,” काका म्हणाले. “इथे तुम्हाला कोण गाठणार?”

तसंच झालं. चढाच्या पायथ्याशी मी त्यांच्या तिसरीच्या थोडी पुढे होते. पहिलं वळण गेलं, दुधाचं दुकान गेलं, वॉचमनने हात केला. वर रेषेपाशी मुलगी आणि डॉक्टर आधीच पोचून उभ्या होत्या. मुलगी दोन्ही हात वर करून उड्या मारत होती. मला तिचे दात दिसत होते, इतकी जवळ होते मी.

मागून साखळीचा आवाज आला आणि हाक आली, “साईड! मावशी, साईड!”

मी डावीकडे झाले.

त्याच्या आधी मनात काही आलं, असं नाही. इतकी वर्षं त्या चढावर मागून टेंपो, मोटारी, रिक्षा, शाळेच्या बसगाड्या येत आल्या आहेत. हाक ऐकली की माझं हँडल आपोआप वळतं. ब्रेकसुद्धा दाबला थोडा. उजव्या बाजूने त्यांची तिसरी गेली आणि रेषा ओलांडून गेली. मग मी ओलांडली.

मुलीचे हात अजून वरच होते. ते खाली आले.

“मावशी, तू साईड दिलीस?”

“तिने मागितली.”

“मागितली? ती काय रिक्षा होती?”

काका हसले, डॉक्टर हसल्या, मुलगीही हसायला लागली आणि मध्येच थांबली. फुटपाथवर जाऊन, पाठ करून बुटांचे बंद सोडत बसली. बोरिवलीची ती तिसरी स्वतः माझ्याकडे आली. बिचारी घाबरली होती. “मावशी, सॉरी हां. मी असंच ओरडले हो. तुम्ही खरंच द्याल असं वाटलंच नव्हतं.”

मी तिला म्हटलं, “असू दे.” चारकोपला मुलगी माझ्यासाठी उलटी आली होती. मला तिच्यासाठी फक्त सरळ जायचं होतं.

त्या आठवड्यात तिने निरोप पाठवला की डबा बंद कर, सामान बांधते आहे, बाहेर खाईन. शनिवारी मी घावणे केले, नारळाचं गोड दूध वेगळ्या डब्यात भरलं आणि गेले. दार उघडंच होतं. आत घरमालक भिंतीला रंग लावत होता. “मॅडम सकाळीच गेल्या,” तो म्हणाला. घावणे त्यालाच देऊन आले.

पुढच्या थंडीत संघ झाला नाही. डॉक्टरांच्या मनगटाचं दुखणं निघालं. काकांनी दोन-तीन मुलींना विचारलं, कोणी टिकली नाही. सायकल परत द्यायला गेले तर काका म्हणाले, “असू दे तुमच्याकडेच. सायकल उभी राहिली की गंजते.” ती आमच्या गॅलरीत असते. साखळीला मी दर पंधरा दिवसांनी तेल घालते.

मला कप हवा होता का, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. तिला हवा होता, म्हणून मला हवा होता. पण खरी आठवण येते ती मधल्याच गोष्टींची. शर्यत नसलेल्या एखाद्या रविवारी आम्ही तिघी शहराच्या दिशेने निघायचो. रस्त्यावर अजून कोणी नसायचं. तिघींच्या साखळ्यांचा आवाज एक व्हायचा. त्या एक-दीड तासात कोणी मला काही विचारत नसे आणि मला गप्प राहिल्याचं ओझं नसे. घरी, नातेवाइकांत, सोसायटीच्या लिफ्टमध्ये माझं गप्प असणं सगळ्यांना दिसतं. तिथे दिसत नव्हतं. परतताना भांडुपच्या वळणावर मी वळायचे आणि मुलगी मान न वळवता फक्त हात वर करायची. एवढंच. त्या हातासाठी आता जीव तुटतो.

एकदा डॉक्टरांच्या दवाखान्यात दाढ दाखवायला गेले. तोंडात आरसा असतानाच त्या म्हणाल्या, “ती रागावलेली नाहीये हो. उलट तिलाच वाटतंय की ती नीट बोलली नाही. तुमचा नंबर मागून घेतला तिने, जुना फोन हरवला म्हणे.”

पाच महिने फोन आला नाही. मग गेल्या गणपतीच्या आधी एका दुपारी आला. मी कणीक मळत होते.

“मावशी, ओळखलंस का?”

“हो.”

“चालवतेस ना सायकल?”

“डब्यांपुरती.”

“डब्यांपुरती काय, काकांची कुठाय? विकलीस की काय?”

“नाही गं, विकेन कशी?”

“मग ऐक. मी दसऱ्याला येतेय चार दिवस. रविवारी पहाटे निघू. तू, मी, डॉक्टरला पण उठवू. हळू गेली तरी चालेल. येशील?”

मी म्हटलं, “बघते, रविवारच्या डब्यांचं काय होतं ते.”

ती “बघ मग,” म्हणाली आणि फोन ठेवला.

हात कणकेत होते. इतके महिने ज्याची वाट बघितली ते दारात आलं होतं आणि मी पुन्हा डावीकडे झाले होते. मी हात धुतले आणि फोन लावला. स्वतःहून कोणाला फोन करायची वेळ माझ्यावर फारशी येत नाही.

“येणार,” मी म्हटलं.

“कुठे?”

“रविवारी. मी येणार. डब्यांचं काही बघायचं नाही.”

ती इतकी हसली की मला फोन कानापासून लांब धरावा लागला.

दसऱ्याला ती आली नाही. बँकेने सुट्टी दिली नाही. मग डिसेंबरमध्ये येते म्हणाली, तेव्हा तिच्या आईचं ऑपरेशन निघालं. आता म्हणते मे महिन्यात, नक्की नाही. मी तिला काही म्हणत नाही. तिची अडचण खरी असते.

पण रविवारचे डबे मी बंद केले आहेत. गिऱ्हाइकं विचारतात, रविवारीच तर घरी स्वयंपाकाचा कंटाळा येतो, मावशी, तेवढा द्या ना. दोघांनी दुसरीकडे डबा लावला. मी सांगते, रविवारी मला जमणार नाही. का, ते सांगत नाही.