लेकरांचं शेत

डिम्फना मॅकिनर्नीने क्लेअर परगण्यातल्या त्या गावात अडतीस वर्षं टपाल वाटलं. शेताशेताचं नाव आणि त्यामागची गोष्ट तिला तोंडपाठ होती: कुठे कोणाचा घोडा दलदलीत रुतला, कोणत्या टेकाडावर चेटकीण बसायची. कोणी वाट चुकला की लोक म्हणत, "डिम्फनाला विचारा." तिलाही ते आवडायचं, खोटं कशाला बोला.

म्हणूनच चर्चच्या हॉलमध्ये नव्या रस्त्याचा नकाशा लागला तेव्हा तिचं पित्त खवळलं. रस्ता गॉर्ट ना लान्व्हमधून, म्हणजे लेकरांच्या शेतातून जाणार होता. नकाशावर तिथे नुसतं 'तुकडा चौदा' लिहिलेलं!

"त्या शेताला कधी नांगर लागला नाही," ती भर सभेत उठून म्हणाली. "लागणारही नाही."

इंजिनिअर फिन्टन शेजारच्याच गावचा. तो हसला. "ठाऊक आहे हो, डिम्फना. तिथे पऱ्यांची पोरं रडतात, नांगरणाऱ्याचा हात झडतो. माझी आजीही सांगायची. पऱ्यांना म्हणावं, हरकत लेखी द्या!"

हॉल खो खो हसला. चहा ओतणारे फादरसुद्धा.

"हसा, हसा!" डिम्फना म्हणाली. "कसल्या पऱ्या रे? ती गोष्ट बायकांनी रचली, तिकडे नांगर फिरू नये म्हणून. बाप्तिस्म्याआधी गेलेलं पोर चर्चच्या मातीत घेत नव्हते. बाप पेटी काखोटीला मारून त्या शेतात जायचा, पुरायचा, वर पांढरा दगड ठेवायचा. माझा थोरला भाऊ आहे तिथे."

फिन्टनचा चेहरा उतरला. त्याने वही काढली. "नावं सांगता? नोंद करतो."

"कसली नावं? बाप्तिस्मा नाही, म्हणून नाव नाही. सगळ्यांत मिळून एकच नाव आहे, शेताचं. तेही पुसलंत!"

फादरनी किटली खाली ठेवली. मागच्या बाकावरून नव्वदीचे लोर्कन टोपी काढून उठले.

"आमची दोन आहेत," ते म्हणाले.

आता कोणी हसेना. फिन्टनने नकाशा भिंतीवरून उतरवला. पण डिम्फनाचा राग ओसरला नव्हता.

"आणि जागा? लोर्कन, तुमच्या यूनाला दाखवलीत कधी?"

लोर्कननी नकारार्थी मान हलवली. "तेव्हा बायकांना नेत नसत."

शेजारी बसलेली त्यांची बायको यूना कोटाची बटणं लावत होती.

"चला," ती म्हणाली. "आता दाखवा."