जायचं तिनं, वाचायचं मी

माझी थोरली जाऊ मॉरिशसला गेली तेव्हा माझ्या पोटात जे दुखायला लागलं, ते ती परत आली तरी थांबलं नव्हतं. उगाच सोज्वळपणा कशाला करू? जळले मी. चांगली जळले.

आता तुम्हीच सांगा, जळू नको तर काय करू? या बाईला गाडी लागायची. बावड्याहून इंदापूरला जायला आम्ही वडापच्या जीपमध्ये बसलो, की पहिल्याच वळणाला ही लिंबू हुंगायला लागायची. स्टँडवर उतरेपर्यंत तोंडावर रंग राहायचा नाही. आणि मी? माझं माहेर पिंपळी. इंदापुरातून बारामतीची एसटी मिळाली की खिडकीसाठी मी कुणाशीही भांडले असते. उसाच्या ट्रॉलीवर बसून गेलेय, दुधाच्या टेम्पोत कॅनांच्या मधे अंग चोरून गेलेय. गाडी हलली की मला बरं वाटायचं. आणि मॉरिशसला गेलं कोण, तर ही. दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत म्हणतात, ते काही खोटं नाही.

सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवची गोष्ट असेल. आमच्या भागातले काही ऊस बागायतदार मिळून तिकडचा ऊस बघायला निघाले होते. थोरले दीर त्यांच्यात होते. जेवताना ते म्हणाले, "हिला पण न्यावं म्हंतो." माझे यजमान लोणी देवकरला कंपनीत नोकरीला, त्यांचा उसाशी संबंध चहातल्या साखरेपुरता. मी त्यांच्याकडं बघितलं. ते आमटी भुरकत होते. पुढची भाकरी मी त्यांच्या ताटात जरा आपटूनच वाढली.

त्यात आणखी कहर म्हणजे माझ्या भावानं बारामतीच्या वाचनालयातून प्रवासाचं एक पुस्तक आणून दिलं. मॉरिशसला कसं फिरायचं, त्याची सगळी माहिती त्यात होती. अक्कानं, म्हणजे माझ्या जावेनं, चौथीतच शाळा सोडलेली. मग दुपारी ती ज्वारी निवडायला बसली की मी तिला वाचून दाखवायची. जायचं तिनं, वाचायचं मी! त्या बेटावर आता रेल्वे नाही, पूर्वी होती, उसासाठी, ती बंद पडली. बस सगळीकडं जाते, पण संध्याकाळनंतर फारशी मिळत नाही. टॅक्सीत बसायच्या आधी भाडं ठरवून घ्यावं. सायकल भाड्यानं मिळते. शेजारच्या लहान बेटांवर होडीनं जाता येतं. होडीपाशी आले की माझा आवाज बदलायचा. अक्का म्हणायची, "व्हय का?" आणि पुन्हा खडे वेचायला लागायची.

तिची बॅग मीच भरली. त्यात पिठाचा मोठा डबा होता, शेंगदाण्याची चटणी होती, तवा आणि परातसुद्धा होती.

"अक्का, तवा कशाला?"

"तिकडचं खाणं आपल्या माणसांना सोसायचं न्हाय गं. उतरायच्या घरात गॅस हाय म्हणं."

मी मनात म्हटलं, कर्म माझं. विमानात बसायला मिळतंय आणि ही तवा घेऊन चाललीय. ती गेली, आणि तिच्या पोरींच्या वेण्या, तिच्या गाईंच्या धारा माझ्या गळ्यात पडल्या. धार काढताना मी समुद्राचा विचार करायची आणि आणखी चिडायची.

ती परतली त्याच दिवशी दुपारी गल्लीतल्या बाया सोप्यात जमल्या. मी चहा देत होते. अक्का मधोमध बसलेली.

"तितं रेल्वे न्हाय बरं का. पूर्वी हुती, उसासाठी. बंद पडली."

बाया माना डोलवत होत्या.

"बस सगळीकडं जाती. पर सांजच्याला फारशी घावत न्हाय. टॅक्सीत बसायच्या आदी भाडं ठरवायचं. सायकल भाड्यानं घावती."

माझ्या हातातली किटली तशीच राहिली. हे तर माझंच. शब्दाला शब्द माझा, क्रमसुद्धा तोच. पुढं होडी येणार, म्हटलं. आली होडी.

"होडी कसली होती, अक्का? इंजिनाची का वल्ह्याची?" मी मुद्दाम विचारलं.

"होडीसारकी होडी," ती म्हणाली आणि चहा प्यायला लागली.

बाया गेल्यावर मोरीवर कपबशा विसळताना मी तिला धरलंच. "खरं सांगा, कुठं कुठं फिरलात?"

"कुठं फिरतीय? सकाळी सगळ्यांच्या डब्याच्या भाकऱ्या, सांजच्याला परत भाकऱ्या. गडी ऊस बघायला जायचं, दर्याला जायचं. मी आन् दुसऱ्या एकाची बायको, दोघी गॅसपाशी." मग ती गालात हसली. "एकडाव मातर गेलो आमी. शेवटाला पीठ संपलं. बाजाराला बसनं गेलो."

"मग?"

"बस आली. मी आपली पळत गेले आन् जागा धरायला खिडकीतनं रुमाल टाकला. मागं वळून बघती तर सगळी माणसं रांगेत हुबी, माझ्याकडंच बघत्यात! कंडक्टर खाली उतरला, रुमाल झटकला, घडी घातली आन् माझ्या हातात दिला. त्याला वाटलं वाऱ्यानं उडाला. आत जाऊन बघितलं तर निम्मी बस रिकामी." हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "खिडकीपाशी बसले मी. सारा वेळ दर्या दिसत हुता. आन् काय सांगू, मला गाडी लागली न्हाय."

आता इथं मला तिची कीव यायला पाहिजे होती. आलीही थोडी. पण खरं सांगायचं तर त्या निम्म्या रिकाम्या बसमधल्या खिडकीवरून मी जेवढी जळले, तेवढी विमानावरूनही जळले नव्हते. पुस्तकातलं सगळं माझं होतं. ती खिडकी तेवढी तिची एकटीची होती.

पुढच्या वर्षी बागायतदारांची दुसरी तुकडी निघाली. थोरले दीर माझ्याशी थेट बोलायचे नाहीत, तशी घरची रीत होती. जेवताना ते माझ्या यजमानांना म्हणाले, "ही न्हाय म्हंती औंदा. तू रजा टाक आन् तुझ्या मंडळींना घे. भाकरी चांगली करत्यात त्या. इचार, येत्यात का."

अक्का माझ्या शेजारी चुलीपाशी होती. तिनं माझ्या मनगटाला धरलं आणि मान हलवली, नको म्हणून. यजमान माझ्याकडं वळून तोंड उघडतायत तोवर मीच आतून बोलले.

"येते म्हणावं. पीठ तेवढं निम्मंच घ्यायचं."