गाळ्यातली ब्लँकेटं

कोकणात पूर आला त्या आठवड्यात मी आमच्या मुलुंडच्या सोसायटीत घरोघर फिरले. निम्मी बिल्डिंग कोकणातली, त्यामुळे कुणाला फार सांगावं लागलं नाही. नवीकोरी ब्लँकेटं जमली. गोण्यांवर जाड मार्करने सोसायटीचं नाव लिहिलं आणि त्या टेम्पोने घाटकोपरच्या एका लहानशा संस्थेकडे पोचवल्या.

तीनेक आठवड्यांनी मी घाटकोपरला दातांच्या डॉक्टरकडे गेले होते. येताना संस्थेच्या गाळ्यावरून आले. शटर अर्धं वर होतं. आत आमच्या गोण्या जशाच्या तशा, शिवणही उसवलेली नाही. आतून कुणाचं तरी बोलणं ऐकू येत होतं. वाकून आत जायचं आणि विचारायचं, एवढंच करायचं होतं. मी बाहेरूनच फोटो काढला आणि रिक्षात बसल्या बसल्या सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, 'आपण विश्वासाने दिलेली मदत इथे सडतेय. कुठल्याही संस्थेला देण्याआधी विचार करा.' संस्थेचं नावही टाकलं.

संध्याकाळपर्यंत तोच मेसेज बोरिवलीच्या मामेबहिणीकडून मला परत आला. 'बरं झालं कुणीतरी बोललं,' असं तिने वर लिहिलं होतं. लिहिणारी मीच, असं मी तिला लगेच कळवलं. मला अभिमान वाटत होता, हे आज लिहायलाही जड जातं.

चौथ्या दिवशी संस्थेचं काम बघणाऱ्या बाईंचा फोन आला. वयाने माझ्याहून लहान, आवाज शांत.

"ताई, तो फोटो तुमचा ना? एकदा आत येऊन बघाल का?"

मी भांडायच्या तयारीने गेले. त्यांनी स्टूल पुढे केलं आणि एक वही उघडून दिली. गावागावातून आलेले निरोप त्यात लिहिलेले होते. जवळजवळ प्रत्येक पानावर तेच: ब्लँकेटं पुरे झाली, पाठवू नका. विहिरीत गाळ बसलाय, उपसायला पंप द्या. ब्लीचिंग पावडर द्या. बायकांसाठी पॅड द्या.

"सगळ्यांनी ब्लँकेटंच पाठवली," त्या म्हणाल्या. "तुमची थंडीसाठी ठेवलीत. दरडीत घरं गेली ती माणसं अजून पत्र्याच्या शेडमध्ये आहेत, त्यांना तेव्हा लागतील. गोण्या पाठवायच्या आधी तुमचा फोन आला, तेव्हाच मी म्हटलं होतं, विहिरींच्या कामाला मदत करा म्हणून."

म्हटलं होतं खरं. आणि मी काय उत्तर दिलं होतं, तेही मला आठवलं. लोकांना फोटोत गाळ दाखवू का, असं मी हसत विचारलं होतं.

"मग पंप पाठवला का?" मी विचारलं.

त्या शेजारच्या ढिगातले कपडे निवडू लागल्या. मग म्हणाल्या, "दोन सोसायट्या मदत देणार होत्या. मेसेज फिरल्यावर त्यांनी नको म्हणून कळवलं. पंप भाड्याचा होता, परत पाठवावा लागला. चार विहिरी राहिल्यात."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. हात कपड्यांच्या ढिगात होते म्हणून त्यांनी स्पीकर लावला. पलीकडे एक म्हातारे गृहस्थ होते. पंप कधी येतोय, एवढंच त्यांना हवं होतं. बायका दीड मैलावरून पाणी आणतायत, म्हणाले. बाई म्हणाल्या, "बघतेय काका, थोडं अडलंय." का अडलंय ते त्यांनी सांगितलं नाही. माझ्याकडे पाहिलंही नाही. त्यांनी दोन शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

घरी येऊन मी खुलासा लिहिला, चूक माझी आहे असं स्पष्ट. दहा-बारा अंगठे आले. पुढे फार कुणी पाठवला नाही. मामेबहीण म्हणाली, "अगं सोड ना, सगळ्या संस्था तशाच असतात." मग पंपाच्या भाड्यासाठी मी पुन्हा जिने चढले. तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिकेने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "फोटो काढायच्या आधी आत का नाही गेलात?" घाईत होते, म्हटलं. खरं कारण असं, की आत गेले असते तर कदाचित लिहिण्यासारखं काही उरलं नसतं. शिक्षिकेने मदत दिली. काहींनी दारातूनच परत पाठवलं.

पंप पंधरा दिवस उशिरा गेला आणि चारही विहिरी साफ झाल्या. त्या पंधरा दिवसांतलं पाणी कुणी कसं वाहिलं, ते मी विचारलेलं नाही.

आता दर शनिवारी मी गाळ्यात जाते. पहिल्या दिवशी मला वाटलं, कपडे निवडायला बसवतील. बाईंनी माझ्यासमोर फोन ठेवला. "देणाऱ्यांचे फोन तुम्ही घ्या," म्हणाल्या, "त्यांना काय वाटतं ते तुम्हाला चांगलं ठाऊक आहे." त्यात टोमणा नव्हता. फोन येतात, काही जण चढ्या आवाजात विचारतात, आमचं सामान गेलं कुठे. मी त्यांना म्हणते, या, आत येऊन बघा. थोडेच येतात.