सेकंडहँड गिटार आणि बाथरूममधला गीझर

गिटारमध्ये काहीही बिघाड नाही, आमच्या गाझियाबादच्या फ्लॅटलाच अर्थिंग नाही, असं तासाभरापूर्वी इलेक्ट्रिशियनने मीटर लावून सांगितलं.

झालं असं. सकाळी मानेसरच्या एका इंजिनिअरकडून जुनी इलेक्ट्रिक गिटार आणली. वजन, रंग, सगळं मनासारखं. अँप्लिफायरला जोडून अनवाणी उभा राहिलो, तारांना हात लावला आणि कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या.

विकणाऱ्याला तडक फोन लावला. "सर, कसम से, मेरे यहाँ कभी करंट नहीं मारा," तो म्हणाला. मी त्याला बरंच सुनावलं.

"घेतलंस ना भंगार?" बायको हसत होती.

तेवढ्यात नऊ वर्षांची आमची ईरा म्हणाली, "बाबा, गीझर चालू असला की माझ्या बाथरूमचा नळ पण असंच करतो. मला वाटलं, सगळ्यांकडे होतं."

बायकोचं हसू तिथेच थांबलं. मी धावत जाऊन गीझर बंद केला आणि इलेक्ट्रिशियनला बोलावलं.

विकणाऱ्याची माफी मागून झाली आहे. उद्या सकाळी मजल्यावरचे बाकीचे फ्लॅटही तपासले जातील. तोवर गीझर बंद, गिटार भिंतीला टेकून.

तुमच्या मुलांना आज एकदा विचाराल का, नळाला हात लावल्यावर काय होतं?