लाकडावर तापणारी शाळा

आमचं गाव कॅनडातल्या एडमंटनपासून दोन-अडीच तासांवर, लाकडाच्या मिलभोवती वसलेलं. तिथल्या शाळेत त्या वर्षी गॅसऐवजी लाकडाच्या चिप्सवर, म्हणजे बारीक ढलप्यांवर, चालणारा बॉयलर बसला. बसला म्हणजे काय, आमच्या ह्यांनी बसवायला लावला. रिटायर्ड इंजिनियर माणूस, घरात किती स्वस्थ बसणार? मिलमधलं उरलंसुरलं लाकूड नुसतं कुजतंय, ते जाळा आणि शाळा तापवा, असं मीटिंगा गाजवून ह्यांनी सगळ्यांना पटवलं. पटलं नाही ते फक्त मुख्याध्यापिकाबाईंना. पोरं गारठली तर मी हा बॉयलर काढायला लावीन, असं त्यांनी आधीच बजावून ठेवलेलं.

आणि मी बाई संक्रांतीचं हळदीकुंकू नेमकं त्याच शाळेच्या हॉलमध्ये ठरवलं. बाईंनाही बोलावलं. एडमंटनहून गाड्या भरून बायका आल्या, काळ्या साड्या नेसून. तासाभरात हॉल असा गार पडला की साड्यांवर पुन्हा जाडजूड कोट चढले.

"वहिनी, गोड बोलायचंय खरं, पण ओठ हलले तर ना," एक जण म्हणाली.

हे दोनदा बॉयलरच्या खोलीत जाऊन आले. चिप्स कोरड्या, पाणी गरम, सगळं ठीक. चेहरा मात्र असा पडलेला, की माझ्याच्याने बघवेना. मुख्याध्यापिकाबाई हात शेकायला माझ्या समईपाशी जाऊन उभ्या राहिल्या. पोरांचा धक्का लागू नये म्हणून मी ती कमरेएवढ्या कपाटावर, भिंतीला लागून ठेवली होती. पाच वाती, भरपूर तेल. बाईंनी सहज वर पाहिलं आणि ह्यांना हाक मारली.

समईच्या बरोब्बर वर हॉलचा थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान बघून हीटिंग चालू-बंद करणारी डबी. त्याला वाटलं हॉल मस्त तापलाय, म्हणून त्याने बिचाऱ्याने हीटिंग बंद करून टाकलेलं.

"अगं, हा दिवा इथे कोणी ठेवला?" ह्यांनी विचारलं. मी दुसरीकडे बघत अत्तर लावत राहिले.

"बॉयलरची काही चूक नाही," बाई म्हणाल्या. हे ऐकायला आमचा माणूस बॉयलर बसला त्या ऑगस्टपासून थांबला होता.

समई हलवली. हळूहळू एकेक कोट उतरला, उखाणे सुरू झाले, आणि शेवटी तर बाईंनीच खिडकी किलकिली केली. तिथेच उभं राहून त्यांनी ह्यांना विचारलं, शेजारच्या लायब्ररीपर्यंत ह्याच बॉयलरचा पाइप नेता येईल का. हे लगेच माझ्या ताटातल्या हळदीत बोटाने पाइपाची रेघ ओढायला लागले.