उजवी बाजू

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्ही मला ओळखत नाही — म्हणून असेल, तुमच्यापाशी जीभ उचलतेय.

माझे आबा मागच्या वर्षी गेले. एक्क्याऐंशीचे होते. फौजेत हवालदार, दोन लढाया पाहिलेले. पण लढाईचं बोलायचे नाहीत. पेन्शनीत आल्यावर आम्हा भावंडांच्या शिक्षणासाठी त्यांनी नांदेडला खोली केली. आई गावी शेत बघायची. आबा एका बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभे राहायचे, आणि ड्यूटीवर जायच्या आधी आमचे डबे भरायचे. बहिणीची वेणीसुद्धा तेच घालायचे — इतकी करकचून, की ती दिवसभर डोळे ताणून वर्गात बसायची. पुढं आईच्या अंगावरून वारं गेलं, उजवी बाजू लुळी पडली. मग ते जळकोटजवळच्या आमच्या गावी परतले आणि ती जाईपर्यंत नऊ वर्षं त्यांनी तिचं सगळं केलं. न्हाऊ घालण्यापासून सगळं.

असा माणूस. आणि मी काय केलं?

सांगतो. जरा थांबत सांगतो.

लातूरला मी शाळेत मास्तर म्हणून लागलो. बायको नोकरीनं नांदेडला, त्यामुळं मी एकटाच खोली बघत होतो. आमचं आडनाव गावावरून पडलेलं. त्यातून काही कळत नाही. घरमालकिणीनं विचारलं, "कोणाचे तुम्ही?" — आणि मी दुसऱ्याच जातीचं नाव सांगितलं. आम्ही बौद्ध. ते जन्मभर ताठ मानेनं सांगणाऱ्या बापाचा मी मुलगा. पुढं ते खोटं शाळेतही पोचलं, आणि मी ते राहू दिलं. मला तिथं कुणी कधी टोचून बोललं होतं का? नाही.

तेरा वर्षांपूर्वी हेडसर म्हणाले, "सव्वीस जानेवारीचा झेंडा यंदा तुमच्या वडिलांच्या हातनं." आबा माइकसमोर उभे राहिले, की पहिला शब्द 'जय भीम' असणार. मी म्हणालो, "त्यांच्या अंगावरून वारं गेलंय, सर. अंथरुणावर आहेत."

आबा तेव्हा डोक्यावर कडब्याचा भारा घेऊन रोज शेतातून चालत यायचे.

एवढ्यावर निभावलं असतं. पण सोबतची माणसं मायाळू निघाली. "ते येऊ शकत नाहीत ना? मग आपण जाऊ." एका रविवारी त्यांनी जीप ठरवली, शाल-नारळ घेतला, मला मधे बसवलं. जळकोटला सगळे चहाला उतरले, तेव्हा मी टपरीमागं जाऊन घरी फोन लावला.

"आबा, शाळेतले लोक येऊन राहिलेत. मी त्यांना सांगितलंय — तुमच्या अंगावरून वारं गेलंय म्हणून."

पलीकडं कोंबड्यांचा कलकलाट. मग आबा म्हणाले, "कोणती बाजू?"

एवढंच. का, कशाला — काही नाही. मी म्हणालो, "उजवी." आईची ती होती, म्हणून तेच तोंडात आलं. आणि — हेही सांगून टाकतो — मी पुढं म्हणालो, "भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो तेवढा उतरवून ठेवा."

फोन बंद झाला.

फोटो जागच्या जागी होता. काच पुसलेली, वर ताजा हार. आणि त्याच्याखाली, आईच्या बाजेवर, आबा आईसारखे पडले होते. तशीच आत वळलेली बोटं, तसंच एका बाजूला ओघळलेलं तोंड. नऊ वर्षं जे दुखणं त्यांनी हातानं सांभाळलं, ते माझ्यासाठी जसंच्या तसं अंगावर घेतलं होतं.

सगळ्यांनी फोटो पाहिला. हेडसरांनी माझ्याकडं एकदा बघितलं — रागानं नाही. मग फोटोला हात जोडले, "जय भीम, हवालदारसाहेब," म्हणाले आणि आबांच्या अंगावर शाल पांघरली. बाकीच्यांनी चहा घेतला, बहिणीच्या हातचे पोहे मागून खाल्ले. म्हणजे ज्याला भ्यालो, ते काही नव्हतंच. तेव्हा मी म्हणू शकलो असतो ना — उठा, आबा? नाही म्हणालो.

निघताना हेडसरांनी टाचा जुळवून सलाम ठोकला. शालीखाली आबांचा उजवा हात हलला. मी पाहिलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि तो हात पुन्हा लुळा केला.

पंधरा दिवसांनी गावी गेलो. वाटलं, शिव्या देतील. "वाळलास रे. जेवून जा," म्हणाले.

पुढं माझ्या मुलीचं लग्न नांदेडला झालं. शाळेतले सगळे येणार होते. मी आबांना म्हणालो, "तुम्ही या की. सांगू त्यांना काहीतरी."

"लई झालं तुझं सांगणं. लुळा माणूस मांडवात चालत आला, तर तुझं तोंड कुठं राहील?"

आले नाहीत. तिचं लग्न आजोबांना पसंत नव्हतं, असं मुलगी आजही धरून बसली आहे. त्यांनी तिला तसंच समजू दिलं. मीही.

मागच्या वर्षी शेतावरून येताना ते बांधावर टेकले आणि तिथंच गेले. लातूरहून हेडसर आले, आता तेही थकलेत. भोवती गावातली माणसं उभी. त्यांतल्या दोघांनी आदल्याच दिवशी आबांसोबत बाजार केला होता.

हेडसरांनी माझा हात धरला. "बारा वर्षं अंथरुणावर काढली हो त्यांनी. सुटले बिचारे."

ती माणसं माझ्याकडं बघत होती. मी काय म्हणतो, याचीच वाट बघत होते सगळे.

मी म्हणालो, "हो, सर. सुटले."